व्हॉल्व्ह कोल्हापूरचा, पण किती टक्के?

थायलंडच्या ग्राहकाने नमुना पास केला, दरही मान्य केला आणि मेलच्या शेवटी एक ओळ टाकली: मालासोबत फॉर्म एआय हवा, नाहीतर ऑर्डर धरू नका.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. आम्ही बटरफ्लाय व्हॉल्व्ह बनवतो. पाण्याच्या, हवेच्या मोठ्या पाइपात बसणारी, तबकडी फिरवून प्रवाह उघडणारी-मिटणारी झडप. तोवर आमचा बाहेर जाणारा माल बहुतेक आखातात जायचा आणि तिकडच्या ग्राहकांना चेंबर ऑफ कॉमर्सचा साधा उगमाचा दाखला पुरायचा. इन्व्हॉइस लावायचं, फी भरायची, शिक्का घ्यायचा. तो दाखला माल भारतातून आला एवढंच सांगतो आणि त्यावर कुणाला शुल्कात पैसाभर सूट मिळत नाही.

फॉर्म एआय ही वेगळी गोष्ट. आसियान (थायलंड धरून आग्नेय आशियातल्या देशांचा गट) आणि भारत यांच्यातला वस्तुव्यापाराचा करार 13 ऑगस्ट 2009 ला बँकॉकमध्ये झाला आणि 1 जानेवारी 2010 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्या करारातली शुल्कसवलत हवी असेल तर माल करारातल्या देशांतच ‘उगम पावलेला’ आहे हे दाखवावं लागतं, आणि त्याचा पुरावा म्हणजे हा फॉर्म. ग्राहकाचा हिशेब सरळ होता. त्याला माल द्यायला चीनचा कारखाना तयारच होता. चीनचा आसियानशी स्वतःचा करार आहे, तिकडचा माल फॉर्म ई घेऊन सवलतीत उतरतो. भारताने तर 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्येच आरसेपमधून, म्हणजे आसियान, चीन वगैरे देशांच्या मोठ्या व्यापार करारातून, अंग काढून घेतलेलं, त्यामुळे आमच्या हातात हा एकच फॉर्म.

साहेब म्हणाले, “आपला माल इथंच बनतोय की. द्या की लावून.”

मलाही तसंच वाटलं होतं. शटर वर केलं की समोर लेथ, ड्रिलिंग, टेस्टिंग बेंच दिसतो. ओतकाम शिरोलीच्या फाउंड्रीतून येतं, तेही पंचगंगेच्या पलीकडे. याहून कोल्हापुरी काय असणार?

नियम मात्र शटरकडे बघत नाही, खर्चाच्या पत्रकाकडे बघतो. या करारात बहुतेक मालाला दोन अटी एकदम लागतात. पहिली, एफओबी किमतीत, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतच्या किमतीत, करारातल्या देशांचा वाटा किमान 35 टक्के हवा. दुसरी, बाहेरून आणलेल्या प्रत्येक सुट्या भागाचा सहा आकडी एचएस कोड (कस्टम्समधला मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) तयार मालाच्या कोडपेक्षा वेगळा हवा, म्हणजे इथे खरंच काहीतरी घडवलं गेलं, नुसतं खोकं बदललं नाही. शिवाय शेवटची प्रक्रिया निर्यात करणाऱ्या देशातच व्हायला हवी. टक्केवारी दोन वाटांनी काढता येते: आपलं काय ते मोजून बेरीज करा, नाहीतर परकं काय ते मोजा आणि ते 65 टक्क्यांच्या आत असल्याचं दाखवा. आम्ही दुसरी वाट घेतली. तिच्यात नफा आणि मजुरीची फोड करून दाखवावी लागत नाही, आणि साहेबांना ती दाखवायची नव्हतीच.

समजायला सोपं जावं म्हणून एका व्हॉल्व्हची एफओबी किंमत 10,000 रुपये धरते. खरे आकडे अर्थातच देत नाही. त्यात न्यूमॅटिक ॲक्च्युएटर, म्हणजे हवेच्या दाबावर तबकडी फिरवणारं यंत्र, 3,600 चं. ते चिनी. बॉडी आणि तबकडीचं ओतकाम 2,100. स्टेनलेस स्टीलची दांडी 600. रबराची सीट 450. बोल्ट, बुश, पिना 350. मशीनिंग, मजुरी, वीज, रंग, टेस्टिंग 1,400. पॅकिंग आणि न्हावा शेवापर्यंतचं भाडं 500. उरले 1,000, तो नफा.

माझ्या पहिल्या कागदावर परकं फक्त ॲक्च्युएटर होतं. 36 टक्के. मर्यादेपासून कितीतरी आत. मी तो कागद आमच्या कॉस्ट अकाउंटंटकडे नेला. त्यांनी चष्मा वर केला आणि पेन घेऊन एकेका ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढत गेले.

“दांडीचा बार कुठला?”

“उद्यमनगरातून घेतो.”

“उद्यमनगरात स्टील तयार होतं का मॅडम?”

मग मला तो नियम कळला ज्याच्यावर पुढचं सगळं अडलं. ज्या मालाचा उगम सिद्ध करता येत नाही, तो परका धरायचा. दुकान कोल्हापुरात आहे, बिलावर महाराष्ट्राचा जीएसटी आहे, दुकानदार तिसऱ्या पिढीचा आहे, याला काही अर्थ नाही. बार भारतीय मिलचा असेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट हवं, आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या त्या ओतीचा क्रमांक, आपल्या बारशी जुळायला हवा. दांडी परकी. बोल्ट परके. सीटचा कागद नाही, सीट परकी. आणि ओतकाम? फाउंड्रीने लेखी दिल्याशिवाय तेही परकं.

नवी बेरीज: 3,600 अधिक 2,100 अधिक 600 अधिक 450 अधिक 350. एकूण 7,100. परका वाटा 71 टक्के. आमचा व्हॉल्व्ह नापास झाला होता, तोही चिनी ॲक्च्युएटरमुळे नाही, कोल्हापुरातल्या खरेदीमुळे.

कुठे जोर लावायचा ते लगेच दिसलं. दांडी आणि बोल्ट सोडून दिले तरी चालत होतं. ओतकाम एकदा भारतीय ठरलं की परका वाटा थेट 50 वर येत होता. म्हणजे पुढचा सगळा रस्ता फाउंड्रीतून जात होता.

फाउंड्रीचे मालक, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, साहेबांच्या वडिलांपासूनचे संबंधातले. चहा आला, भडंग आलं. मी घोषणापत्राचा मसुदा पुढे ठेवला. तात्यांनी तो दोनदा वाचला.

“ह्यात माझा स्क्रॅपचा दर कशाला पाहिजे?”

कशाला, ते सांगणं अवघड होतं. ओतकामाच्या भट्टीत पिग आयर्न जातं, भंगार जातं, फेरो ॲलॉय जातं. भंगारातला काही भाग आयात केलेला असतो, आणि व्यापाऱ्याकडून घेतलेल्या बाकीच्या भंगाराचा उगम कोण सांगणार? भंगाराचा कोड वेगळा आणि व्हॉल्व्हच्या सुट्या भागाचा कोड वेगळा, त्यामुळे दुसरी अट तात्यांचं ओतकाम हसतहसत पार करतं. पण ओतकामाला ‘भारतीय’ म्हणायचं तर 35 टक्क्यांची अट त्यालाही लागते. म्हणजे तात्यांनाही पत्रक करावं लागणार: भंगार इतक्याचं, वीज इतक्याची, विक्री इतक्याची. आणि ते पत्रक त्यांच्याच गिऱ्हाइकाच्या हातात, म्हणजे आमच्या.

“म्हणजे माझा नफा तुमच्या टेबलावर,” तात्या म्हणाले. “आणि पुढच्या महिन्यात तुमचे साहेब म्हणणार, तात्या, किलोमागं दोन रुपये कमी करा.”

त्यांचं चूक नव्हतं. साहेबांनी तसं म्हटलंच असतं.

मुक्त व्यापारावरच्या लेखांत शुल्काचे टक्के असतात, देशांच्या तुटीचे आकडे असतात. पण असा करार लहान कारखान्यापर्यंत पोचतो की नाही, हे तात्यांसारख्या माणसाने आपली कॉस्टिंग कुणाला दाखवायची यावर अडतं, हे मी तरी कुठे वाचलं नव्हतं. मोठ्या कंपन्या पुरवठादाराला घोषणापत्र सक्तीचं करतात आणि पुरवठादार मुकाट्याने देतो. आम्ही तात्यांना सक्ती केली असती तर त्यांनी आमचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, शेडबाहेर ठेवले असते.

तोडगा कॉस्ट अकाउंटंटनी काढला. तात्यांनी आकडे त्यांना द्यायचे, आम्हाला नाही. ते तपासून प्रमाणपत्र देणार की अमुक वर्णनाच्या ओतकामात परका वाटा मर्यादेच्या आत आहे. मूळ पत्रक बंद पाकिटात तात्यांकडे राहणार आणि सरकारी यंत्रणेने मागितलंच तर तात्या थेट तिकडे देणार. तात्या तयार झाले, पण एका अटीवर. अकाउंटंटची फी आमची.

ॲक्च्युएटरच्या बाबतीत तसं काही जमलं नाही. ते आम्ही पुण्याच्या डीलरकडून घेतो. आयात केलेल्या भागाची किंमत धरायची ती त्याची सीआयएफ किंमत, म्हणजे बंदरात उतरतानाची. डीलरने आपली बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्समधला कागद, दाखवली असती तर त्याचा नफा, गोदाम आणि पुण्याहून कोल्हापूरचं भाडं परक्या वाट्यातून वगळता आलं असतं. डीलर फोनवर गोड बोलला, कागद मात्र दिला नाही. त्याने काय भावाने आणलं हे आम्हाला कळलं तर आम्ही थेट चीनमधल्या निंगबोहून मागवू, ही त्याची भीती. तीही खोटी नव्हती. मग त्याच्या बिलाची पूर्ण रक्कम परकी धरली, म्हणजे पुण्यातल्या माणसाचा नफा आमच्या पत्रकात चिनी झाला.

सीटची गोष्ट उलटी निघाली. ती आम्ही थायलंडहूनच आणत होतो, रबराचा देश तो. या करारात सदस्य देशाचा माल दुसऱ्या सदस्य देशात वापरला तर तो आपलाच धरता येतो. म्हणजे थाई रबर कोल्हापूरच्या व्हॉल्व्हमध्ये बसून परत थायलंडला जाताना घरचंच ठरतं. मात्र येताना त्याच्यासोबत तिकडचा फॉर्म एआय असायला हवा. आमच्या खरेदी विभागाने तो कधी मागितलाच नव्हता, कारण रक्कम लहान आणि आयातीच्या बाजूची कटकट मोठी. 21 सप्टेंबर 2020 पासून आपल्याकडे कॅरोटार नियम लागू आहेत. सवलतीत आयात करायची तर नुसता फॉर्म दाखवून भागत नाही. माल तिकडे कसा बनला, कोणत्या निकषावर पात्र ठरला, याची माहिती आयातदाराने स्वतःकडे ठेवायची, कागद पाच वर्षं जपायचे, आणि अधिकाऱ्याने विचारलं तर ठरल्या मुदतीत उत्तर द्यायचं. मी थाई पुरवठादाराला ती माहिती मागितली. त्याचं उत्तर आलं ते तात्यांच्याच वाक्याचं इंग्रजी होतं: आमची कॉस्टिंग तुम्हाला कशाला?

शेवटी त्याने उत्पादनप्रक्रिया लिहून दिली, टक्केवारी दिली, दर झाकून ठेवले. पुढच्या खेपेपासून सीट फॉर्म एआयसकट यायला लागली. पण या ऑर्डरच्या पत्रकात मी ती परकीच ठेवली, कारण गोदामातला साठा जुना होता.

एचएस कोडाची अट आमच्या बाबतीत सुदैवाने सुटली. व्हॉल्व्हचे सुटे भाग 8481.90 मध्ये येतात, तयार बटरफ्लाय व्हॉल्व्ह 8481.80 मध्ये. सहा आकडे बघितले तर बदल झालेला आहे. चार आकडेच बघितले तर दोन्ही 8481, म्हणजे काहीच बदललं नाही. आसियानच्या करारात सहा बघतात. श्रीलंकेबरोबरच्या आपल्या करारात 35 टक्क्यांची अट तीच, पण बदल चार आकड्यांचा लागतो. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या करारातही सर्वसाधारण नियम चार आकड्यांचाच. त्यामुळे बाहेरून सुटे भाग आणून इथे जुळवलेला तोच व्हॉल्व्ह बँकॉकसाठी भारतीय ठरेल आणि कोलंबोसाठी कदाचित ठरणार नाही. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ व्हॉल्व्हकडेच बघत राहिले.

असे चिवट नियम का, याचंही उत्तर श्रीलंकेतच आहे. 1 मार्च 2000 पासून तो करार लागू झाला आणि काही वर्षांत तिथे वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले. पामतेल मलेशिया-इंडोनेशियाचं, प्रक्रिया लंकेत, विक्री भारतात, तीही शुल्काशिवाय. अखेर वर्षाला अडीच लाख टनांचा कोटा ठरवावा लागला. मग मिरी. व्हिएतनामची मिरी लंकेची म्हणून येते अशी आपल्या बागायतदारांची ओरड झाली, आणि डिसेंबर 2017 मध्ये सरकारने किलोला 500 रुपये किमान आयात किंमत लावली. मिरीला तर बनवण्याचा प्रश्नच नाही, ती वेलीला येते. वेल कुठल्या देशातला, हे दाण्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून ही सगळी कागदांची उतरंड, आणि तिच्या तळाशी आमचे सहा एमएमचे बोल्ट.

अर्जाचा भाग तुलनेने सरळ. डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) आणि डिजिटल सहीने शिरायचं, माल आणि खर्चाचं पत्रक भरायचं, प्रमाणपत्रं जोडायची. आमचा अर्ज गेला तो निर्यात तपासणी संस्थेच्या मुंबई कार्यालयाकडे, अंधेरीच्या एमआयडीसीत. तिथल्या अधिकाऱ्यांनी दोन शंका काढल्या. ओतकामाच्या प्रमाणपत्रातलं वर्णन आणि आमच्या बिल ऑफ मटेरियलमधलं (लागणाऱ्या भागांच्या यादीतलं) वर्णन एक नव्हतं. तात्या त्याला ‘वेफर बॉडी’ म्हणतात, आम्ही ड्रॉइंग नंबरने लिहितो. दुसरी शंका ॲक्च्युएटरच्या कोडाबद्दल होती. तो स्वतंत्र असताना 8412 मध्ये येतो आणि व्हॉल्व्हवर बसला की व्हॉल्व्हचाच भाग होऊन 8481 मध्ये जातो, हे कॅटलॉग जोडून दाखवलं. दोन्ही शंका रास्त होत्या. सरकारी कार्यालयाबद्दल तक्रार करायची संधी मला या प्रकरणात मिळाली नाही, हे थोडं खटकलंच.

खरी धावपळ झाली बोटीमुळे. फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात बोटीचं नाव आणि निघण्याची तारीख लागते. न्हावा शेवाला बोटी बदलतात, कंटेनर पुढच्या बोटीवर ढकलले जातात, आणि फॉर्मवर एक बोट व बिल ऑफ लेडिंगवर (बोट कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर) दुसरी असली की तिकडचा कस्टम्सवाला भुवई उंचावतो. माल निघाल्यानंतर कामाच्या तीन दिवसांत दाखला निघाला तर तो नेहमीचा. त्यापुढे गेला तर ‘मागाहून दिलेला’ असा शिक्का पडतो. तोही वैध असतो, पण ग्राहकाला तो नको होता. आमच्या क्लिअरिंग एजंटने बिल ऑफ लेडिंगचा मसुदा हातात आल्याशिवाय अर्ज पुढे सरकवू नका म्हणून बजावलं होतं, आणि ते अगदी बरोबर ठरलं. बोट बदलली.

नवी बोट कोलंबोमार्गे जाणारी होती. कंटेनर तिथे उतरून दुसऱ्या बोटीवर चढणार. सिंगापूर किंवा मलेशियाचं पोर्ट क्लांग असतं तर प्रश्न नव्हता, ते करारातले देश. श्रीलंका करारात नाही. नियम म्हणतो, माल तिथे व्यापारात शिरता कामा नये, उतरवणं-चढवणं आणि सांभाळणं यापलीकडे त्याला हात लागता कामा नये. त्यासाठी न्हावा शेवा ते थायलंडचं लाएम चबांग बंदर असं सलग एकच बिल ऑफ लेडिंग करून घेतलं. शिपिंग लाइनला हे रोजचं काम, मला मात्र त्या आठवड्यात झोप लागत नव्हती.

आठव्या रकान्यात टक्केवारी लिहायची असते. आमचं पत्रक 50 म्हणत होतं: ॲक्च्युएटर, दांडी, सीट आणि बोल्ट परके, बाकी सगळं आपलं. लिहिताना मला तात्यांची आठवण झाली. त्यांच्या कागदाशिवाय तिथे 29 आलं असतं आणि फॉर्मच निघाला नसता.

माल सवलतीत सुटला. ग्राहकाचे शुल्काचे पैसे वाचले, त्यातला एकही आमच्याकडे आला नाही. आम्हाला दुसरी ऑर्डर आली, आणि ती हाँगकाँगच्या एका मध्यस्थामार्फत. माल आमच्याकडून थेट थायलंडला जाणार, बिल हाँगकाँगचं. हे चालतं. फॉर्मवर ‘तिसऱ्या देशाचं इन्व्हॉइस’ या चौकटीत खूण करायची आणि सातव्या रकान्यात त्या कंपनीचं नाव द्यायचं. पण नवव्या रकान्यात एफओबी किंमत येते, आणि ती आमची असते. म्हणजे फॉर्म हातात पडला की शेवटच्या ग्राहकाला मध्यस्थाने वर किती लावले ते कळणार. मध्यस्थाचा फोन आला. ती किंमत तेवढी गाळता येईल का? नाही, म्हटलं. निम्मी झाकता येईल का? तेही नाही. तात्या, पुण्याचा डीलर, थाई सीटवाला आणि आता हा, सगळे एकाच गोष्टीला घाबरत होते. त्याने शेवटी कमिशन वेगळं लावलं आणि आमच्याच बिलावर माल पाठवायला सांगितलं.

तिसरी चौकशी मोठ्या मापाच्या व्हॉल्व्हची होती, मोटरवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरसह. तो ॲक्च्युएटर युरोपातला आणि इतका महाग की ओतकाम, मजुरी, नफा सगळं आपलं धरूनही परका वाटा 68 च्या खाली येईना. साहेबांनी नफा वाढवून बघू म्हटलं. एफओबी वाढली की टक्केवारी सुधारते हे त्यांना आता पाठ झालं होतं, पण त्या दराला ऑर्डर राहिली नसती. मग ग्राहकालाच विचारलं, ॲक्च्युएटर तुमच्याकडे बसवाल का? त्याच्याकडे फिटर होता. आम्ही इन्व्हॉइसवर दोन ओळी केल्या: नुसता व्हॉल्व्ह, हाताने फिरवायच्या दांड्यासह, फॉर्म एआयमध्ये. ॲक्च्युएटर वेगळ्या पेटीत, मूळ देश इटली, सवलतीशिवाय. ॲक्च्युएटर बसवायचं ड्रॉइंग आणि बोल्ट किती टॉर्कला आवळायचे त्याचा तक्ता आमच्या डिझाइनवाल्या पोराने इंग्रजीत करून दिला आणि तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.